गर्दी मोजू नका, अंतर मोजा: जी-नॉर्थ वॉर्ड आपल्याला धंद्याबद्दल काय शिकवतो



नवीन धंदा सुरू करणाऱ्या माणसाच्या तोंडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल? "सर, जागा एकदम भारी मिळालीय. इतकी गर्दी असते तिथे की धंदा चालणारच!" हे बोलताना डोळ्यांत चमक असते. खिशात बहुतेक वेळा आईचे दागिने मोडून किंवा पीएफ काढून आणलेले पैसे असतात. आणि ते सगळेच्या सगळे डिपॉझिटमध्ये घालायची तयारी असते.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. गर्दी हे भांडवल नाही. गर्दी बघून जागा घेणं म्हणजे समुद्र बघून मासे मिळणार असं धरून चालणं. दाट वस्तीत धंदा नक्की चालतो, पण तो का चालतो याचं कारण आपण चुकीचं समजून बसलोय. ते कारण नीट समजलं तर दाट वस्तीसारखी दुसरी शाळा नाही.

आज त्यासाठी एकच उदाहरण घेऊ या. मुंबई महानगरपालिकेचा जी-उत्तर विभाग, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत जी-नॉर्थ वॉर्ड.

वॉर्ड म्हणजे काय आणि हाच का?

मुंबई महापालिकेनं शहराचे प्रशासकीय विभाग पाडलेत आणि त्यांना ए पासून टी पर्यंत इंग्रजी अक्षरं दिलीत. प्रत्येक विभागाचं एक कार्यालय असतं आणि त्याचा प्रमुख असतो सहाय्यक आयुक्त. दुकानासाठी आरोग्य खात्याचा परवाना, फेरीवाल्याची जागा, बांधकामाची तक्रार, पाणी, कचरा, या सगळ्यासाठी मंत्रालयात जायची गरज नसते. तुमचं सरकार म्हणजे तुमचं वॉर्ड ऑफिस. जी-नॉर्थचं ऑफिस दादर पश्चिमेला, प्लाझा सिनेमाच्या मागे, हरिश्चंद्र येलवे मार्गावर आहे.

या एका वॉर्डात दादर पश्चिम येतं, माहीम येतं आणि धारावी येते. क्षेत्रफळ साधारण ९ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या जवळपास ६ लाख मोजली गेली. भागाकार केला तर एका चौरस किलोमीटरमध्ये ६५ हजारांहून जास्त माणसं. आपल्याकडचे कितीतरी तालुके शेकडो चौरस किलोमीटर पसरलेले असतात आणि अख्ख्या तालुक्यात मिळून एवढी माणसं भरत नाहीत.

आता गंमत बघा. एकट्या धारावीत किती लोक राहतात? कुणी साडेसहा लाख सांगतं, कुणी साडेआठ, कुणी छातीठोकपणे दहा लाख. म्हणजे जनगणना अख्ख्या वॉर्डात जेवढे लोक सांगते, तेवढे किंवा त्याहून जास्त लोक एकट्या धारावीतच आहेत, असं लोक म्हणतात. धारावी आहे साधारण अडीच चौरस किलोमीटरची. शिवाय २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे आपण अजूनही २०११ चाच आकडा धरून बोलतो.

मग आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचा, पण तो फक्त एवढंच सांगतो की इथे माणसं खूप आहेत. तुमच्या दुकानाच्या दारात कोण येणार, किती वाजता येणार आणि खिशात किती घेऊन येणार, हे तो आकडा सांगत नाही. ते तुम्हालाच जाऊन बघावं लागतं.

हे महापालिकेनंच एकदा करून दाखवलंय. १ एप्रिल २०२० ला धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा इथे काय होणार या विचारानं अख्ख्या शहराचा जीव टांगणीला लागला होता. पण वॉर्डच्या लोकांनी धारावीला एक मोठा गर्दीचा गोळा धरलंच नाही. वस्तीनिहाय, गल्लीनिहाय गट पाडले, घरोघरी तपासणी केली, वस्तीत वर्षानुवर्षं दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. कारण कुठल्या गल्लीत कोण राहतं, हे त्या डॉक्टरांना माहीत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. धंदेवाल्यानं यातून एकच गोष्ट उचलावी: लाखांचा आकडा लांबून दिसतो, काम मात्र गल्लीत जाऊनच करावं लागतं.

एका वॉर्डात तीन बाजार

जी-नॉर्थ कागदावर एक असला तरी धंद्याच्या दृष्टीनं ही तीन वेगवेगळी गावं आहेत.

दादर हे येणाऱ्यांचं गाव. पश्चिम आणि मध्य रेल्वे इथे एकमेकींना भेटतात. विरारहून येणारा आणि कल्याण-डोंबिवलीहून येणारा, दोघंही इथे उतरतात किंवा गाडी बदलतात. लग्नाचा बस्ता बांधायचा तर दादर, पूजेचं साहित्य घ्यायचं तर दादर, गणपती-दिवाळीची खरेदी करायची तर दादर. रानडे रोडवर संध्याकाळी ज्या माणसाला धक्का लागतो, तो दादरला राहणारा असेल याची काही खात्री नाही.

माहीम हे वाराचं आणि सणाचं गाव. सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला सगळ्या धर्मांचे लोक रांग लावतात. मखदूम शाह बाबांचा दर्गा आहे, डिसेंबरात उरूस आणि जत्रा असते. ज्या रस्त्यावर बुधवारी मेणबत्त्या आणि हार विकणाऱ्याला डोकं वर काढायला वेळ नसतो, त्याच रस्त्यावर गुरुवारी सकाळी तो माणूस वेगळं काहीतरी विकत असतो किंवा घरी असतो. त्याच्या धंद्याचं सगळं गणित कॅलेंडरवर चालतं.

धारावी हे बनवणाऱ्यांचं गाव. इथे चामड्याच्या पिशव्या, पट्टे आणि पाकिटं बनतात, कपडे शिवले जातात, कुंभारवाड्यात मडकी आणि पणत्या घडतात, तेरा कंपाउंडमध्ये अख्ख्या मुंबईचं प्लास्टिक निवडलं जातं. भल्या पहाटे इडल्या वाफवल्या जातात आणि सायकलवरून शहरभर निघतात. धारावीचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा धारावीबाहेर बसलेलं असतं.

आता सांगा, "जी-नॉर्थमध्ये ६ लाख लोक आहेत" या एका वाक्यावर या तिघांपैकी कुणाचा धंदा उभा राहिलाय?

गर्दीला काम असतं

दादर स्टेशनबाहेरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत एकदा पहाटे जाऊन या. सूर्य उगवायच्या आधी तिथे झेंडू, शेवंती, गुलाब यांचे ढीग लागलेले असतात आणि ठोक खरेदीदारांची झुंबड असते. हार बनवणारे, देवळाबाहेर बसणारे, मंडप सजवणारे, सगळे आपापला माल उचलून पहिल्या गाड्या पकडतात. दुपारी त्याच जागेवर गेलात तर बाजार ओळखू येणार नाही. जागा तीच, वॉर्ड तोच, भाव मात्र वेगळा.

६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. त्या दिवसांत शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. माणूस लांबून येतो, पैसे मोजके असतात, तरी पुस्तक, दिनदर्शिका, बाबासाहेबांची तसबीर घेतल्याशिवाय तो परत जात नाही. त्या गर्दीत परफ्यूमचा स्टॉल लावला तर? गर्दी लाखांची, पण तुमच्यासाठी शून्य. तो माणूस ज्या कामासाठी आलाय त्या कामाशी तुमच्या मालाचा संबंध नाही.

म्हणून गर्दीकडे बघताना पहिला प्रश्न विचारा: ही माणसं इथे कशाला आलीत?

वडापावचंच बघा ना. वडापावचं श्रेय अशोक वैद्य यांना दिलं जातं आणि त्यांची गाडी १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर लागली. लोक म्हणतात, स्टेशनची गर्दी होती म्हणून चाललं. मी म्हणतो, गर्दी तर त्याआधीही होतीच की! वडापाव चालला कारण त्या गर्दीच्या कामात तो बसला. गाडी पकडायचीय, बसून खायला वेळ नाही, ताट नको, चमचा नको, एका हातात मावलं पाहिजे, पोट भरलं पाहिजे आणि खिशाला परवडलं पाहिजे. घाईतल्या माणसाची घाई न मोडता त्याला खायला घालणं, ही खरी कल्पना. त्याच जागी टेबल-खुर्ची टाकून थाळी विकायला बसलं असतं तर गर्दी बाजूनं निघून गेली असती.

जिथे गर्दी जास्त, तिथे जागा कमी आणि नियम जास्त

आता दुसरी बाजू. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत आणि शाळा, रुग्णालयं, धार्मिक स्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीचा धंदा करता येणार नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमच्या मते जी सगळ्यात भारी जागा आहे, नेमकी तीच जागा कायद्यानं बंद आहे. तिथे बसलेले लोक तुम्हाला दिसतील. पण त्यांच्याकडे बघून तुम्ही भांडवल घालणार असाल तर हेही बघा की गाडी आली की ते माल कसा गुंडाळतात, आणि उचलला गेलेला माल सोडवताना महिन्याची कमाई कशी जाते. मी फेरीवाल्यांच्या विरोधात नाही. २०१४ चा फेरीवाला कायदा त्यांच्या उपजीविकेला संरक्षण देतो, आणि फेरीवाल्यांना नीट जागा आखून देणं हे पालिकेचं काम आहे असंच माझं मत आहे. पण जोवर ते झालेलं नाही तोवर नवीन माणसानं ही जोखीम डोळे उघडे ठेवून मोजली पाहिजे.

आणि गाळा घ्यायचा म्हटलं तर? तिथे गर्दीचे पैसे आधीच भाड्यात लावलेले असतात. मालकाला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं की दारातून किती माणसं जातात.

एक हिशोब करू. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा स्टेशनजवळ छोट्या गाळ्याचं भाडं महिन्याला ६०,००० रुपये आहे. महिन्यातले २६ दिवस धंदा. म्हणजे रोजचं भाडं झालं साधारण २,३०० रुपये. तुम्ही २५ रुपयांचा पदार्थ विकता आणि त्यातून सामान, गॅस, कागद वजा जाता १० रुपये सुटतात. तर नुसतं भाडं निघायला रोज २३० गिऱ्हाईकं पाहिजेत. अजून कामगाराचा पगार नाही, वीज नाही, तुमचा स्वतःचा पगार तर नाहीच नाही. आणि खरी गर्दी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तासच असते. म्हणजे त्या चार तासांत जवळपास दर मिनिटाला एक गिऱ्हाईक झालं, तेही फक्त भाड्यासाठी! तुमचा हात तेवढा चालतो का? एका मिनिटात पदार्थ देणं, पैसे घेणं आणि सुटे परत करणं जमतं का? पावसात गाड्या बंद पडल्या तर?

आता आतल्या गल्लीत १५,००० भाड्याचा गाळा धरा. रोजचे साधारण ५८० रुपये, म्हणजे ५८ गिऱ्हाईकं. दारातून माणसं कमी जातील. पण त्यातली ४० जरी रोजची झाली आणि जवळच्या दोन ऑफिसांचे डबे लागले, तरी तुम्ही भाड्याच्या वर आलात. तुम्हाला रात्री झोप कुठल्या गाळ्यात लागेल ते तुम्हीच ठरवा.

कुणी म्हणेल, "पण सर, गर्दीत चार जण तरी घेतातच." खरंय. ज्या वस्तूला विचार करावा लागत नाही, जी हातात पटकन मावते, जिचा भाव कमी आहे आणि जी आत्ता लागते, तिच्यासाठी गर्दी उपयोगी आहे. पाण्याची बाटली, वडापाव, रुमाल, पावसात छत्री. तुमची वस्तू अशी असेल तर जरूर गर्दीत जा. पण माप घेऊन ब्लाउज शिवायचा असेल, मशीन दुरुस्त करायचं असेल, क्लास चालवायचा असेल, तर गर्दीचं भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपला बँड लावणं.

धारावीचं खरं भांडवल: दहा पावलं

आता मूळ मुद्द्यावर येतो. गर्दी हे कारण नसेल तर दाट वस्तीत धंदे एवढे तगतात कसे?

एक चामड्याची पिशवी घ्या. ती एका माणसानं, एका खोलीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्वचितच बनवलेली असते. एक जण चामडं विकतो. दुसरा त्याचे तुकडे कापतो. तिसरा कडा तासून पातळ करतो म्हणजे शिलाई नीट बसते. चौथा चिकटवतो आणि शिवतो. चेन, रनर, बक्कल विकणारा वेगळा, अस्तराचं कापड विकणारा वेगळा, शिक्का मारणारा वेगळा, खोके देणारा वेगळा. आणि हे सगळे एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या पायी अंतरावर.

यानं काय होतं? बक्कल संपलं तर काम थांबत नाही, पोरगा धावत जाऊन घेऊन येतो. एकदम हजार बक्कलं भरून ठेवावी लागत नाहीत, म्हणजे पैसा मालात अडकत नाही. मोठी ऑर्डर आली आणि आपल्याकडे दोनच मशीन आहेत, तर शेजारच्याला जॉबवर्क देता येतं. मशीन बिघडलं तर दुरुस्त करणारा त्याच गल्लीत असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उधारी. आठ दिवसांची उधारी बँक देत नाही, पण रोज तोंड दिसणारा शेजारी देतो. कारण तुम्ही पळून जाणार नाही हे त्याला माहीत असतं.

कुंभारवाड्यातही तेच. सौराष्ट्रातून आलेली ही कुंभार कुटुंबं पिढ्यान् पिढ्या इथे आहेत. घर, चाक, माल वाळवायचं अंगण आणि भट्टी, सगळं एका ओळीत. घरातली बाई स्वयंपाक आवरून रंगकामाला बसते, तिला कामाला जायला रिक्षा लागत नाही. दिवाळीआधी लाखो पणत्या निघतात त्या या जवळिकीमुळे.

तेरा कंपाउंडमध्ये एक जण प्लास्टिक रंगानुसार, जातीनुसार निवडतो, दुसरा दळतो, तिसरा धुऊन वाळवतो, पुढे त्याचे दाणे होतात. एकाचा उरलेला माल हा दुसऱ्याचा कच्चा माल.

ही माणसं एकमेकांची गिऱ्हाईकं आहेत, पुरवठादार आहेत, स्पर्धक आहेत आणि अडीअडचणीला एकमेकांची बँकही आहेत. पुस्तकात याला मोठी मोठी नावं आहेत. मी त्याला दहा पावलांचं भांडवल म्हणतो. ते बॅलन्स शीटमध्ये दिसत नाही. पण ते काढून घ्या, मग बघा काय होतं ते.

हे सगळं गोड आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. हवा वाईट आहे, खोल्यांत उजेड नाही, आग लागली तर बंब आत शिरत नाही, सार्वजनिक शौचालयापुढे रांग लागते, मजुरी कमी आहे. "धारावीचा उद्योजक जुगाड करतो" असं टाळ्या वाजवून सांगणाऱ्यांनी एक महिना त्या पोटमाळ्यावर उन्हाळ्यात शिलाई करून बघावी. पुनर्विकास व्हायला हवा, यात मला शंका नाही.

पुनर्विकासात काय पणाला लागलंय

धारावीच्या पुनर्विकासाची योजना राज्य सरकारनं २००४ मध्ये आणली. अनेक वर्षं ती रखडली. २०२२ च्या नोव्हेंबरात अदानी समूहाची निविदा सगळ्यात मोठी ठरली आणि आता राज्य सरकारसोबतच्या संयुक्त कंपनीमार्फत हे काम होतंय. २०२४ च्या मार्चमध्ये घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं. ढोबळ नियम असा की १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचं मोफत घर, आणि नंतर आलेल्यांना किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर घर.

घराच्या बाजूनं यावर भरपूर चर्चा झाली. मला धंद्याच्या बाजूनं बोलायचंय.

सर्वेक्षणात खोली मोजली जाते. खोलीला क्रमांक देता येतो, लांबी-रुंदी लिहिता येते. पण वर सांगितलेली पिशवी एका खोलीत बनतच नाही. ती आठ-दहा खोल्यांमध्ये फिरून तयार होते, आणि त्यातल्या अर्ध्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. समजा चामडं कापणारा पात्र ठरला आणि धारावीतच राहिला. शिवणारा पोटमाळ्यावर होता, तो बाहेर गेला. बक्कलवाल्याला तिसऱ्याच इमारतीत गाळा मिळाला. कागदावर बघितलं तर बहुतेकांना काही ना काही मिळालं. पिशवी मात्र बनायची थांबली. दहा पावलांचं अंतर दहा किलोमीटर झालं, आणि टेम्पोचं भाडं कुणाच्या नफ्यातून जाणार?

माझं स्पष्ट मत आहे की दाट वस्तीचा पुनर्विकास करताना एकमेकांवर अवलंबून असलेले धंदे एकत्र मोजले पाहिजेत आणि एकत्रच हलवले पाहिजेत. एका साखळीतल्या गाळ्यांना एकाच इमारतीत, शक्यतो एकाच मजल्यावर जागा मागण्याची सोय हवी. माल चढवायला मोठी लिफ्ट हवी. कुंभाराच्या भट्टीचा प्रश्न "सातव्या मजल्यावर फ्लॅट दिला" म्हणून सुटत नाही. बांधकामाच्या काळात धंदा कुठे चालणार याचं उत्तर आधी मिळालं पाहिजे, कारण छोटा धंदा तीन महिने बंद राहिला की त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि परत येत नाही.

हे मी फक्त धारावीसाठी लिहीत नाही. पुणे असो, ठाणे, नाशिक किंवा इचलकरंजी, जिथे जुना दाट बाजार आहे तिथे आज ना उद्या रस्ता रुंद होणार, इमारत पाडली जाणार, मंडई हलणार. त्या वेळी तुमच्या हातात काय असेल?

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं, आठ दिवस जागेवर उभे राहा. डिपॉझिट द्यायच्या आधी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक तास. वही घ्या. किती माणसं गेली यापेक्षा किती थांबली ते लिहा. थांबली ती कशासाठी? हातात पिशवी होती का? घड्याळ बघत होती का? परत परत दिसणारी तोंडं किती? परत दिसणारं तोंड म्हणजे तुमचं खरं गिऱ्हाईक.

दुसरं, अंतर मोजा. तुमच्या धंद्याला लागणाऱ्या दहा गोष्टींची यादी करा: कच्चा माल, पॅकिंग, दुरुस्ती, कामगार, ठोक गिऱ्हाईक, सुट्या भागांचं दुकान. प्रत्येकापर्यंत पायी किती मिनिटं लागतात ते पुढे लिहा. ज्या जागी यातल्या सहा गोष्टी पंधरा मिनिटांत मिळतात, ती जागा स्टेशनसमोरच्या गाळ्यापेक्षा मोलाची आहे.

तिसरं, भाड्याचा हिशोब गर्दीच्या तासांवर करा. वर केला तसा. दिवसाचे बारा तास धरू नका, चालणारे तास धरा.

चौथं, शेजाऱ्याशी बोला. स्पर्धक म्हणून तोंड फिरवू नका. त्याच्याकडे जास्तीचं काम असेल तेव्हा तो ते कुणाला देतो? तुमच्याकडे जास्तीचं आलं तर तुम्ही त्याला द्याल का? एकट्यानं मोठी ऑर्डर घेता येत नाही, दोघांनी मिळून घेता येते.

पाचवं, कागद. कागद. कागद. उद्यम नोंदणी मोफत आहे, घरबसल्या होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे २० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीची कटकट नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. ती द्या आणि पावती जपून ठेवा. खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करा. भाडेकरार लेखी करा. वीजबिल, भाड्याच्या पावत्या, माल घेतल्याची बिलं, सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्येही फोटो काढून ठेवा. बाजार हलतो तेव्हा "मी इथे वीस वर्षं बसतोय" हे तोंडी वाक्य चालत नाही. तारीख असलेला कागद चालतो.

सहावं, साखळीचाही कागद करा. हे फार कमी जण करतात. तुम्ही कुणाकडून माल घेता, कुणाला जॉबवर्क देता, कुणासाठी शिवता, याची बिलं किंवा निदान वहीतल्या सह्या ठेवा. दहा-बारा जणांनी मिळून संघटना किंवा सहकारी संस्था नोंदवलीत तर फारच उत्तम. उद्या जागा मागायची वेळ आली तर एकट्या गाळेवाल्याचा अर्ज आणि एकत्र काम करणाऱ्या बारा जणांचा अर्ज, यात फरक पडतो.

मित्रांनो, जी-नॉर्थमध्ये स्टेशनबाहेर रोज लाखोंची गर्दी जाते आणि तिच्या काठावर बसून कितीतरी जण दिवसभर माश्या मारतात. त्याच वॉर्डात, जिथे बाहेरचं गिऱ्हाईक पाऊलही टाकत नाही अशा गल्लीत, एका पोटमाळ्यावर शिवलेली पिशवी मोठ्या शोरूमच्या काचेत जाऊन बसते. कारण तिला लागणारं सगळं दहा पावलांवर मिळतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "इथे गर्दी आहे, घेऊन टाक," तर त्याला विचारा, "बक्कल संपलं तर इथे कुठे मिळेल?"

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या मनात असलेल्या जागेसाठी वरची दहा गोष्टींची यादी करा आणि पायी अंतर प्रत्यक्ष चालून मोजा. मॅपवर बघून लिहू नका, चाला. चालताना जे दिसेल ते वहीत उतरवा. गाळ्याचा निर्णय त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशोब चोख ठेवा.